किवी प्रसन्न!

आमच्या बीडात सध्या डेंग्यूची साथ, त्यामुळे कुणी भेटलं की "काय चाललंय?" असं विचारत नाही. "पेशी किती?" विचारतं. समोरचाही पोराचे दहावीचे मार्क सांगावेत तसा आकडा फेकतो. "काल २८ हजार, आज ४१."

"काय दिलं?"

"किवी!"

डॉक्टर गेले, सलाईन गेलं, रात्रभर उशाशी बसून घोट घोट पाणी पाजणारी आई गेली. राहिली फक्त किवी.

हे फळ मूळचं चीनचं. चिनी नावानं विकायला अवघड जायला लागलं म्हणून १९५९ साली न्यूझीलंडच्या व्यापाऱ्यांनी त्याचं बारसं नव्यानं केलं. नाव बदललं की भाव वाढतो, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. आता ते प्लास्टिकच्या डबीत बसून आमच्या मंडईत येतं. शेजारीच पाटीत आमचं सीताफळ उघडं पडलेलं असतं. बालाघाटाच्या खडकात, पावसाच्या मेहरबानीवर वाढलेलं. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण पेशंटला भेटायला जाताना ते नेलं, तर "थंड पडतं हो, कफ होतो" म्हणून पिशवी दारातच अडवतात. किवी मात्र थेट पलंगापर्यंत जाते.

आता किवीचा चमत्कार. डेंग्यूत पेशी, म्हणजे प्लेटलेट, तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून घसरतात आणि आठवडा उलटता उलटता बहुतेकांच्या आपल्या आपण वर येतात. पाहुणे किवी घेऊन येतात पाचव्या-सहाव्या दिवशी. म्हणजे ढग गडगडायला लागल्यावर पर्जन्ययज्ञ मांडायचा आणि पहिला थेंब पडताच दक्षिणेसाठी हात पुढे करायचा. पपईचंही तेच. तिच्या पानांच्या रसानं पेशी थोड्या वाढल्याचे छोटे प्रयोग आहेत, पण त्यानं जीव वाचतो याचा भक्कम पुरावा नाही. तरी आमच्या गल्लीतल्या पपईचं मुंडण झालंय. कालपर्यंत जिला दगड मारून हाकलत होते, त्या शेळीची धार पेशींसाठी मिळावी म्हणून सकाळी सहाला तांबे घेऊन रांग लागते. आणि रांगेत तीच माणसं, जी २०२१च्या एप्रिलमध्ये कोरोनात कापूर, ओवा आणि लवंगांची पुरचुंडी नाकाला लावून बोटावरच्या ऑक्सिमीटरकडे बघत बसली होती! ९४ चे ९५ झाले की कापूर पावला, ९३ झाले की मशीन चायनाचं.

हसण्यासारखं इथपर्यंतच. कारण डेंग्यूत ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात, आणि धोका नेमका तेव्हाच असतो. पोटात कळा, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी, पोर सुस्त. यातलं एक जरी दिसलं तरी तडक दवाखाना गाठायचा. त्याऐवजी चुलता मोटारसायकलला किक मारून पाटोद्याहून बीडला किवी आणायला निघतो! परत येईपर्यंत दोन तास गेलेले असतात. त्याआधी कुणीतरी "ताप मुरलाय" म्हणत कमरेत दुखणं थांबवायचं इंजेक्शन ठोकून मोकळा झालेला असतो, तेही ज्या आजारात असल्या औषधानं रक्तस्राव वाढू शकतो त्या आजारात. साध्या तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि डॉक्टरची नजर, एवढाच इलाज आहे. पण तो फुकटात सांगता येतो, म्हणून कुणाला पटत नाही.

आणि डास? तो गटारातला नव्हे, स्वच्छ पाण्यातला. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून आम्ही टिपाडं भरून ठेवतो. त्यावर झाकण टाकायचं आणि आठवड्यातून एकदा ती घासून कोरडी करायची, एवढं केलं तरी अर्धी लढाई जिंकली. पण टिपाड घासताना कोण फोटो काढतो?

परवा शेजारी गेलो. पोरगं उठून बसलेलं, सगळे खूश. पोराच्या आईनं अंगणातल्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं, "तिची कृपा." तिथं किवीची रिकामी डबी पडली होती. पावसाचं पाणी तिच्यात साचलं होतं.

वाकून पाहिलं. पाणी वळवळत होतं.