अंगठा घरी, तोंड कारखान्यात

संध्याकाळी सहाला थम लावून हजेरी बंद करायची आणि गपगुमान परत कामाला बसायचं, याला आमच्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आता कुणी अन्यायसुद्धा म्हणत नाही. ती रीत आहे. रीतीवर कोण लिहितं? त्यामुळे आम्हीही लिहिणार नव्हतो. पण मध्ये वडापाव आला.

एका टॉवेलच्या कारखान्यात (नाव सांगत नाही, वाचणाऱ्या प्रत्येक मॅनेजरला तो आपलाच वाटेल आणि तसं वाटणं बरोबरच असेल) पॅकिंग खात्याच्या फळ्यावर सूचना लागली : 'कामाच्या वेळेनंतर थांबणाऱ्या कर्मचाऱ्यांना यापुढे कंपनीतर्फे अल्पोपहार देण्यात येईल.' खाली सही, सहीवर शिक्का. आता या कंपनीच्या दप्तरात वेळेनंतर कुणी थांबतच नाही. थमच्या मशीनप्रमाणे सगळं पॅकिंग खातं रोज सहा ते सहा-पाचच्या दरम्यान घरी जातं. मग अल्पोपहार कुणाला? हा साधा प्रश्न सूचना टाइप करणाऱ्याला पडला नाही, सही करणाऱ्याला पडला नाही आणि शिक्का मारणाऱ्याला तर शिक्क्याखाली काय लिहिलंय हे वाचायची सवयच नसते.

सकाळचं मशीन आणि संध्याकाळचं मशीन एकच असतं, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. सकाळी नऊ वाजून एक मिनिट झालं की त्याला लाल दिवा लागतो, ते ओरडतं, आणि महिनाअखेरीला अर्धा दिवस कापतं. आयुष्यभर विड्या वळून बोटांच्या रेषा झिजलेली एखादी बाई पुढं आली तर 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणत तिला चार वेळा बोट पुसायला लावतं आणि तेवढ्यात नऊ वाजून दोन मिनिटं करून टाकतं. इतकं काटेकोर यंत्र. पण संध्याकाळी सहानंतर त्याला काही म्हणजे काही दिसत नाही. समोरून बावीस बायामाणसं थम लावून दाराकडे न जाता उलटी आत जातात, मशीन हिरवा दिवा दाखवून 'धन्यवाद' म्हणतं.

तर, पावणेनऊला वडापाव येतो. गाडीवाल्याचं पोरगं पार्सल घेऊन गेटवर उभं राहतं. गेटवरचा वॉचमन हा सरळ माणूस. आत येणारी प्रत्येक वस्तू आवक रजिस्टरात लिहायची असं त्याला सांगितलेलं, म्हणून तो लिहितो : 'रात्री 8.45. वडापाव 23 नग.' मग अकाउंटमध्ये पेटी कॅशचं व्हाउचर फाटतं : 'स्टाफ अल्पोपहार, 23 नग, दर 20 रुपये, एकूण 460.' म्हणजे एकाच कंपनीच्या एकाच तारखेच्या कागदांवर बावीस अंगठे सहाला घरी गेले आणि बावीस तोंडांनी पावणेनऊला कारखान्यात वडापाव खाल्ला. अंगठा घरी, तोंड कारखान्यात. मधलं धड कुठं होतं हे कंपनीच्या कुठल्याच रजिस्टरात नाही. मी अकाउंटंट नाही, पण ऑडिटरनं एक साधा प्रश्न विचारायला हरकत नव्हती. ऑडिटर मात्र व्हाउचरला पावती जोडली आहे का एवढंच बघतो. पावती होती. वर तळलेल्या मिरचीचं तेलही लागलेलं होतं, म्हणजे अस्सलच. तेविसावा नग कुणाचा, हे वेगळं सांगायला नको. मॅनेजरसाहेबांचा. तेही थांबतात. त्यांना ओव्हरटाइम नाही, कारण कायद्याच्या लेखी ते कामगारच नाहीत; त्यांच्या वाट्याला फक्त वरच्याची शिवी आणि खालच्याचा वडा. त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे. दोन मिनिटांपुरती.

आता हिशेब. 1948च्या कारखाने अधिनियमाचं 59वं कलम सांगायचं की दिवसाच्या नऊ किंवा आठवड्याच्या 48 तासांवर काम घेतलं तर मजुरी दुप्पट दरानं द्यायची. नोव्हेंबर 2025मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यातही दुप्पट ती दुप्पटच राहिली. आमच्या पॅकिंग खात्याचे 48 तास नेमक्या हजेरीतच संपतात, म्हणजे सहानंतरचं प्रत्येक मिनिट दुपटीचं. रोज पाचशे रुपये धरा. तासाला साडेबासष्ट, दुप्पट सव्वाशे, सहा ते नऊचे पावणेचारशे. बावीस जणांचे 8,250 रुपये. त्यातून वडापावाचे 460 वजा केले की एका रात्रीत कंपनीच्या खिशात 7,790 राहिले. उद्योगधंद्यात मंदी आहे म्हणतात. मला तर वड्याइतकी किफायतशीर गुंतवणूक सोलापुरात दुसरी दिसत नाही.

एकानं धाडस करून मॅनेजरला विचारलंसुद्धा, "सायेब, कायद्यात डबल हाय म्हणं?" साहेबांनी विचार केला. दुसऱ्या दिवशीपासून दोन वडापाव आले.

हा विनोद नाही. म्हणजे आहे, पण मी केलेला नाही. व्हाउचरवर 46 नग आले आणि काही दिवस खात्यात समाधान होतं, कारण दुसरा वडापाव बाया खात नव्हत्या, पदराखाली पोरांसाठी घरी नेत होत्या. रात्री साडेनऊपर्यंत जागं राहिलेलं पोरगं आईची वाट बघतंय की वड्याची, हे कळायला मार्ग नव्हता. मग वरून कुणीतरी खर्च वाढल्याचं लक्षात आणून दिलं आणि साहेबांनी सुवर्णमध्य काढला : एकच वडा, पण पाव दोन. दुप्पट दराची अंमलबजावणी निम्मी तरी झाली, असं समजायचं. चटणीबद्दल कायदा काहीच बोलत नाही, ती ऐच्छिक.

थांबायचं कशासाठी, तर कंटेनर. अहो, हा कंटेनर कधी सकाळी अकराला का येत नाही? सकाळी अकराला बाया धाग्याची वाट बघत बसलेल्या असतात, लेबलं आलेली नसतात, फोल्डिंगच्या टेबलावर साहेब मोबाइल बघत असतात. पण घड्याळात पावणेसहा झाले की कंटेनर गेटवर लागलाच. न्हावाशेव्याला जहाज उभं आहे, ते कुणासाठी थांबत नाही, परदेशातलं गिऱ्हाईक रागावलं तर ऑर्डर जाईल. चारशे किलोमीटरवरचा समुद्र आणि त्याची भरती-ओहोटी सोलापुरातल्या एका अक्कानं घरी कधी जायचं ते ठरवते.

"अक्का, आज थोडं थांबायचं की ओ. कंटेनर हाय."

"आज पाणी हाय, सायेब."

या संवादातलं दुसरं वाक्य पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळायचं नाही, पण सोलापूरकराच्या पोटात कालवाकालव होते. पाणी आहे म्हणजे आज नळाला येणार आहे. म्हणजे काल नव्हतं, परवा नव्हतं, उद्या नसणार. दर वेळी पाण्यावर घसरता म्हणून संपादक रागावतात, रागावू देत. उजनी धरण भरून वाहतं तेव्हा आम्ही फोटो काढायला जातो आणि परत येऊन चौथ्या दिवसाची वाट बघत बॅरलचं झाकण उघडून तळ बघतो. ज्या गावात नळाच्या वेळेवर लग्नाचा मुहूर्त मागे-पुढे करतात, त्या गावात पाण्याच्या दिवशी बाईमाणसाला नऊपर्यंत अडकवून ठेवणं याला ओव्हरटाइम म्हणत नाहीत. तिच्या पुढच्या चार दिवसांची ती चोरी आहे. तिनं शेजारणीच्या पाया पडायचं, शेजारणीनं आपले हंडे आधी भरून मग तिच्या दारातली नळी सोडायची, तोवर धार करंगळीएवढी झालेली. पुढचे चार दिवस पोरांच्या अंघोळीपासून भांड्यांपर्यंत वाटीवाटीनं मोजायचं. या चार दिवसांचा दर कुठल्या कलमात आहे? आणि साहेब म्हणतात काय, तर "कंपनी म्हणजे आपलं घर." असेल. त्या घरात पिण्याच्या पाण्याच्या टाकीला कुलूप असतं आणि किल्ली साहेबांच्या कमरेला.

जुन्या लोकांना विचारा, ते भोंग्याची आठवण काढतील. 1877 साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून या गावात कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि सगळं गाव भोंग्यावर उठायला-बसायला लागलं. भोंग्यावर चूल पेटायची, भोंग्यावर पोरं शाळेला निघायची. भोंगा काही संत नव्हता. तेव्हाही मुकादम होते, दंड होते, गिरणीच्या दारात भल्या पहाटे अंधारात माणसं ताटकळत उभी असायची. पण भोंग्याची एक खोड चांगली होती, तो सगळ्यांना ऐकू यायचा. मालकाच्या बंगल्यावर ऐकू यायचा, चाळीत ऐकू यायचा, युनियनच्या ऑफिसात ऐकू यायचा. सुट्टीचा भोंगा झाला आणि नवरा घरी आला नाही, तर बायकोला कळायचं, शेजाऱ्याला कळायचं, कोपऱ्यावरच्या चहावाल्याला कळायचं. पॅकिंग खात्यापुरता भोंगा बंद करून ठेवायची सोय कुठल्याच मॅनेजरकडे नव्हती. आता वेळ साहेबांच्या कॉम्प्युटरमध्ये आहे, आणि तिला पासवर्ड आहे.

1911च्या कायद्यानं कापडगिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांचा ठरवला. त्याआधी तर दिवसाला मापच नव्हतं, म्हणून ते बारासुद्धा लोकांनी आनंदानं घेतले. 1922ला आठवडा साठ तासांचा झाला, 1946ला 48चा. यातला एकेक तास कुणी ताटात वाढून दिला नाही. त्यासाठी माणसं संपावर गेली, लाठ्या खाल्ल्या, घरात चूल पेटली नाही. आणि सप्टेंबर 2025मध्ये आपल्या राज्यात ठरलं काय, तर कारखान्यातला दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत न्यायला हरकत नाही, तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा 115 तासांवरून 144 करायलाही हरकत नाही. एकशे चौदा वर्षं चालून आपण बारावरून बारावर पोचलो. गुंतवणूक येईल म्हणतात. येऊ दे. येताना स्वतःचं पाणी घेऊन येऊ दे.

अर्थात हे सगळं कामगाराच्या संमतीनंच, बरं का. जादा कामाला संमती लागते, हे कायद्यात स्वच्छ लिहिलंय. आमच्या टॉवेलवाल्यांनी कायद्याचा मान राखून संमतीचा फॉर्म छापून घेतला. कामावर लागतानाच आधार कार्डाची झेरॉक्स, दोन फोटो आणि हा फॉर्म, तीन कागद एका टाचणीत. 'मी स्वखुशीने जादा वेळ थांबण्यास तयार आहे.' सही येत नसेल तर अंगठा. म्हणजे सकाळच्या मशीनला न उमटणारा अंगठा शाईच्या पॅडवर मात्र फर्मास उमटतो.

तक्रार करा, असं सांगणारे शहाणे भेटतात. केली. दोघींनी हिय्या करून अर्ज दिला. समोरच्या सरकारी माणसानं हजेरीचं रजिस्टर मागवलं, रजिस्टरात सगळे सहाला घरी. "मग तुम्ही थांबलात याला पुरावा काय?" आता नवी वेतन संहिता म्हणते की पैसे दिले हे मालकानं सिद्ध करायचं आणि मागणी तीन वर्षांपर्यंत करता येते. वाचून बरं वाटतं. पण जो थांबलाच नाही त्याला पैसे दिले का, हा प्रश्नच उठत नाही ना! पेटी कॅशचं व्हाउचर तिजोरीत, आवक रजिस्टर वॉचमनच्या टेबलात, वडापाव पोटात.

तेव्हा त्यातल्या एकीनं पिशवीतून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. गेल्या वर्षाचं, खिळ्याचं भोक मोठं झालेलं, कोपऱ्यात हळदीचा डाग. प्रत्येक तारखेच्या चौकोनात दूधवाल्याचा खाडा असेल तिथं फुली, नळाला पाणी आलं असेल तिथं टिंब, आणि अधूनमधून बॉलपेननं काढलेला एक 'व'. हे काय, असं विचारल्यावर ती म्हणाली, "वडापाव, सायेब. ज्या रात्री थांबले त्या रात्रीचा." टिंब आणि 'व' एकाच चौकोनात किती ठिकाणी होते ते समोरच्या माणसानं बोटानं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. तो सोलापूरचाच होता.

मग त्यानं वॉचमनचं आवक रजिस्टर मागवलं. तारखा जुळल्या. 8.45, 8.40, 8.50, वडापाव 23 नग. नऊ ठिकाणी 46.

प्रकरण अजून चालू आहे, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही. पण कारखान्यात सुधारणा तातडीनं झाली. फळ्यावर दुसऱ्याच आठवड्यात नवी सूचना लागली : 'कंपनीतर्फे देण्यात येणारा अल्पोपहार काही कारणास्तव बंद करण्यात येत आहे. कर्मचाऱ्यांनी रात्रीचा डबा स्वतः आणावा.' खाली सही, सहीवर शिक्का. वॉचमनला ताकीद मिळाली की खायच्या वस्तू आवक धरायच्या नाहीत. थांबणं चालू आहे, कंटेनर पावणेसहालाच येतो.

बाईंच्या यंदाच्या कॅलेंडरवर आता 'ड' आहे.