वहीतलं उष्टावण

उष्टावणाला मामानं चांदीच्या वाटीतली खीर चाटवायची, हे पासली गावात कुणी कुणाला सांगत नाही. पण या उष्टावणाला बाळाच्या बापानं खिरीवर बंदी घातली. गाईच्या दुधातली प्रथिनं बाळाला सोसत नव्हती, शिवाय पोटात गेलेलं वर यायचं. डॉक्टर त्याला रिफ्लक्स म्हणत, आजी ‘पोर ओकतंय’ म्हणे आणि पुण्याहून रजा काढून आलेला बाप दोन्ही म्हणे. मामानं चांदीच्या वाटीतून मऊ भाताची पेज भरवली आणि जेवणाला बसेपर्यंत तोंड पाडलं.

बापाकडं वही होती. तारीख, पदार्थ, चमचे, पुरळ, शी, ओकारी असे रकाने. एका वेळी एकच नवा पदार्थ द्यायचा, मग तीन दिवस थांबायचं. नियम उपयोगाचाच, पण बाप तो असा राबवी की सोमवारी आत गेलेला भोपळा गुरुवारपर्यंत पोलीस कोठडीत असावा. शेजारच्या काकूंनी मधाचं बोट पुढं केलं, तेव्हा वर्षाच्या आतल्या बाळाला मध का देऊ नये, यावर त्यानं क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनमसकट व्याख्यान झोडलं. ‘नको’ एवढं पुरलं असतं. काकूंनी बोट स्वतःच चाटलं.

नाचणीपाशी मात्र वही गप्प झाली. आजी नाचणी रात्रभर भिजत घालते, उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधते. पांढरे मोड दिसले की परातीत पसरते. पासलीच्या पावसात ऊन कुठलं? परात चुलीच्या उबेला ठेवायची, येताजाता हातानं खालीवर करायची. मग दळायची आणि मलमलच्या फडक्यातून वस्त्रगाळ करायची. फडक्यावर कोंडा राहतो, खाली गुलाबीसर तपकिरी पीठ. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, मोड आले की अमायलेज तयार होऊन स्टार्च तोडतं, म्हणून सत्त्व पातळ शिजतं, हे बाप चुलीशी उभा राहून आजीला सांगत होता. पण रिफ्लक्सच्या बाळाला घट्टसर बरं, असंही त्यानं वाचलेलं. आता?

आजीनं चिमूटभर पीठ वाढवलं.

“हे किती ग्रॅम लिहू?”

“लिहितो कशाला? ढवळ. गुठळ्या व्हतील.”

‘बापमाणूस असून किती करतो!’ हे कौतुक गावभर झालं आणि त्यानं ते नम्रपणे, पण संपूर्ण, ऐकून घेतलं. वहीत आईचा रकाना नव्हता. गाईच्या दुधातली प्रथिनं आईच्या दुधातूनही थोडीफार बाळापर्यंत पोचतात, म्हणून तिनं दूध, दही, ताक, तूप सगळं सोडलं होतं. दिवसभर चहाचं आधण चढलेल्या त्या घरात ती कोरा चहा पिई. ‘एका घोटानं काय होतंय?’ हे रोज ऐके, कधी हसून, कधी पदराआड दात-ओठ खाऊन. रात्री पाजल्यावर बाळाला अर्धा तास खांद्यावर उभं धरायचं, तेही तिच्याचकडं. बाप वेळ टिपून घेई.

अन्ननलिकेच्या तळाची झडप बळकट झाली, बाळ बसू-उभं राहू लागलं, की बहुतेकांचा रिफ्लक्स वर्ष-दीड वर्षात आपोआप ओसरतो. ते श्रेय वहीला द्यायचं, हे बापानं आत्ताच ठरवून ठेवलंय. तूर्त पुढच्या ओळीत त्यानं ‘दुधी’ लिहिलंय आणि बाळानं पानाचा कोपरा चघळून गिळलाय. कागद हा नवा पदार्थ. दुधी तीन दिवस पुढं ढकलला.