आभारप्रदर्शन चालू असताना

तालुक्याच्या वार्ताहराची बातमी डेस्कवर येते. व्यासपीठावर कोण कोण होते, दीपप्रज्वलन कुणी केले, शाल-श्रीफळ कुणाला मिळाले, अशा सतरा नावांचे दोन परिच्छेद. तिसऱ्यात आमदारांचे भाषण. आणि अगदी शेवटी एक ओळ: 'आभारप्रदर्शन चालू असताना मांडव कोसळून चौघे जखमी झाले.' उपसंपादक कपाळावर हात मारतो, शेवटची ओळ उचलून मथळ्याखाली घेतो आणि सतरा नावांना कात्री लावतो. सकाळी त्या सतरांचे फोन वार्ताहराला येतात. बातमी त्यालाही कळते; पण त्याला त्याच गावात राहायचे असते.

बातमीचा आराखडा उलट्या पिरॅमिडचा. महत्त्वाचे वर, किरकोळ खाली. ऐनवेळी जाहिरात आली की खालून कापत जायचे, तरी बातमी शाबूत राहते. मात्र काय, कोण, कुठे, केव्हा, का आणि कसे ही उत्तरे मिळवायला चपला झिजवाव्या लागतात. त्यावर तयार वाक्यांचा उतारा आहे. 'परिसरात एकच खळबळ उडाली' असे लिहिले की परिसरात जावे लागत नाही. 'सर्वत्र हळहळ व्यक्त होत आहे' याला कुणाला विचारावे लागत नाही. 'का'वर गाडी अडलीच, तर पुढील तपास पोलीस करीत आहेतच.

खात्रीलायक सूत्रे बहुधा कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर भेटतात.

खात्रीने भल्याभल्यांना दगा दिला आहे. 'केसरी' आणि 'मराठा' निघाले १८८१ मध्ये. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध त्यांत छापलेली पत्रे बनावट ठरली आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. आगरकरांनी त्या मुक्कामावरही पुस्तक लिहिले. तिकडे अमेरिकेत छापखान्यातल्या संपामुळे 'शिकागो डेली ट्रिब्यून'ला पाने लवकर सोडावी लागत होती. ३ नोव्हेंबर १९४८च्या अंकात त्यांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ड्यूई यांना निवडून आणले. निवडून आलेल्या ट्रूमन यांनी सेंट लुईस स्टेशनात तोच अंक हसत हसत फोटोवाल्यांपुढे धरला.

आपल्याकडे अशा वेळी खुलासा येतो. चुकीची बातमी चार कॉलमी, खुलासा चार ओळींचा. तोही आतल्या पानावर, नावात बदल केल्याच्या जाहिरातींना खेटून. ज्याच्यासाठी तो छापला त्याचे आडनाव त्यात पुन्हा चुकते, आणि डेस्कवर कुणीतरी परवाच्या अंकात दोन ओळींची जागा राखून ठेवतो.