अर्धा इंच

प्रत्येक सायकल ग्रुपात हे गृहस्थ असतातच. गिअरची चांगली चालती सायकल घ्यायची, गिअर उतरवायचे, मागे एकच दातेरी चक्र ठेवायचं आणि ‘बघा, कशी साधी झाली!’ म्हणून मिरवायचं, हा यांचा धर्म. पण हा दावाच तपासून घ्यायला हवा. गिअरच्या सायकलीत गिअर बदलणाऱ्या मागच्या यंत्राची, म्हणजे डिरेलरची, स्प्रिंग चेनचा ढिलेपणा मुकाट्याने ओढून धरते. डिरेलर गेला, स्प्रिंग गेली. काम मात्र शिल्लक राहिलं आणि त्या जागी गृहस्थांची नेमणूक झाली, बिनपगारी आणि कायम. चहाच्याही आधी ते सायकलीपाशी उकिडवे बसतात, चेनच्या मधोमध बोट दाबतात. वरखाली मिळून अर्धा इंच हलली तर दिवस बरा. बोटाला ही खोड इतकी जडते, की मांडवाचा दोर, तंबोऱ्याची तार, काहीच सुटत नाही. “अहो, टॉवेल वाळत घालायचेत, दोरी सोडा,” असं घरातून ऐकू आलं तरी निकाल दिल्याशिवाय बोट निघत नाही: “पाऊण इंच आहे.”

कोणी म्हणेल, एवढा बाऊ कशाला? दूधवाल्याच्या काळ्या सायकलीची चेन जन्मभर लोंबत राहिली, त्याचं काय अडलं? उदाहरण खरं, पण इथे लागू नाही. त्या सायकलीत मागच्या चाकाची खाच आडवी. नट सैल करून चाक मागे ओढलं की झालं. हल्लीच्या बहुतेक गिअरच्या सायकलींची खाच उभी, चाक जागचं हलत नाही. साधी चेन तोडावी तर ती एकेक इंचानेच कमी होते, आणि तेवढ्याने चाकाला अर्धा इंच पुढे यावं लागतं. चक्राचा एक दाता वाढवावा, तर फरक जेमतेम तीन मिलिमीटरचा. चेन ताणून धरणारा स्प्रिंगवाला टेन्शनर सुचवावा, तर एकादशीला कोणी ऑम्लेट पुढे करावं तसे ते बघतात. शिवाय पुढचं चक्र नेमकं मध्यावर बसलेलं क्वचितच असतं. क्रँक फिरवताना चेन एकीकडे ताठ, एकीकडे सैल. त्यावर अमेरिकन मेकॅनिक शेल्डन ब्राऊन (निधन २००८) यांनी उपाय लिहून ठेवलाय: चक्राचे बोल्ट किंचित सैल करा, चेन सर्वांत ताठ होईल तिथे तिला हलकेच ठोका, चक्र सरकलं की बोल्ट आवळा, पुन्हा फिरवा. हा विधी सुरू झाला की राईडला निघालेला ग्रुप दुसरा चहा मागवतो.

तरीही, असा माणूस हेकट असतो, ही हरकत उरतेच. असतो. पण हेका कशाचा, ते पाहावं. सैल चेन निसटते. फिक्स्ड चाकाच्या, म्हणजे चाकाबरोबर पेडल फिरतच राहणाऱ्या सायकलीत ती अडकली तर मागचं चाक जागीच जाम होऊ शकतं. ताठ चेन बेअरिंग खाते, पेडल जड करते. नवशिके चुकतात ते बहुधा आवळण्यात, कारण ताठ म्हणजे मजबूत अशी आपली समजूत. हे गृहस्थ न बोलावता त्यांच्या सायकलीपाशी बसतात, हात काळे करून घेतात आणि अर्धा इंच ढील देऊन उठतात. आवळणारे घरात, हापिसात, शाळेत पैशाला पासरी मिळतात. किती सोडायचं याचं माप असलेला विरळाच. राईडचा खोळंबा होतो म्हणून यांना ग्रुपातून काढायची भाषा अधूनमधून होते. ठराव मांडणाऱ्याच्या सायकलीची चेन मात्र यांनीच लावलेली असते.