फरक कळला?

नानांकडे भूप सकाळी दहाला ऐकतात. संध्याकाळचा राग सकाळी का, हे विचारायची सोय नाही. "संध्याकाळी सोसायटीत सगळ्यांचे एसी लागतात, व्होल्टेज पडतं," हे उत्तर ठरलेलं आहे. नाना तुमच्याही ओळखीत असतीलच. नाव दुसरं असेल, आणि भूपाऐवजी कदाचित बीटल्स.

खुर्चीच्या पायांभोवती फरशीवर खडूच्या खुणा आहेत. तिथून तसूभर हलायचं नाही. समोर किशोरीताईंची भूप-बागेश्रीची तबकडी. नाना अंगठ्याएवढ्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर सुई टेकवतात : 1.8 ग्रॅम. आतून काकू म्हणतात, "लग्नातलं सोनंसुद्धा यांच्या घरी इतकं तोलून घेतलं नव्हतं."

"हा ऑर्टोफॉनचा कार्ट्रिज, टू एम रेड. ऐक."

तंबोरे लागतात, पहिला स्वर येतो, आपण डोळे मिटतो आणि नाना सुई उचलतात. लाल पिन ओढून त्याच कार्ट्रिजला निळी बसवतात. पुन्हा तंबोरे, पुन्हा तो स्वर, पुन्हा सुई वर.

"फरक कळला?"

मग एकदम शेवट. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरेच घेते, पण बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर खाच सुईखालून जाते आणि लेबलाजवळ जेमतेम 21. तेवढ्याशा जागेत तेवढंच गाणं दाटीवाटीनं बसलेलं, म्हणून सुईची खरी परीक्षा तिथे, असं नाना सांगतात. ते खरंही आहे. परिणाम असा, की नानांकडे भूप सुरू होतो आणि संपतो. मधे काय घडतं ते त्या घरात कुणाला ठाऊक नाही. इतकी वर्षं जातो, पण विलंबित समेवर आलेलं मी नानांकडे ऐकलेलं नाही. ती सम मी माझ्या घरी, मोबाइलवर गाठली.

नंतर डेनॉनचा डीएल-103. जपानच्या सार्वजनिक रेडिओसाठी साठच्या दशकात घडवलेला, अजून बनतो. हा मूव्हिंग कॉइल, म्हणजे सुईबरोबर चुंबक नव्हे, तारेचं वेटोळं हलतं. रेडमधून 5.5 मिलीव्होल्ट निघतात, यातून 0.3. म्हणून मधे ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मर आला की घरघर आली, घरघर आली की अर्थिंग आलं. लाल, पांढरी, हिरवी, निळी अशा केसाएवढ्या चार तारा नाना चिमट्यानं खोचतात, तेव्हा काकूही कुकरची शिट्टी होऊ देत नाहीत. अर्ध्या तासानं तंबोरे लागतात. दोन मिनिटांनी :

"फरक कळला?"

एकदा मी "नाही" म्हणालो. नानांनी कानातल्या मळाची चौकशी केली. त्याच दिवशी आलेले एक गृहस्थ "दुसरी जरा उजळ वाटली" एवढंच म्हणाले आणि मसालेभाताला थांबवले गेले. तेव्हापासून उजळ, भरीव, मोकळं, जरा कोरडं हे शब्द मी आळीपाळीनं वापरतो. या चार शब्दांवर मैफलीच्या पहिल्या रांगेत जन्म काढलेली माणसंही मला माहीत आहेत.

गेल्या महिन्यात काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "ह्यांचे कान तपासले. वरचे आवाज जवळजवळ गेलेत. यंत्र दिलंय, पण ते शुअरच्या पिनच्या रिकाम्या डबीत घालून ठेवलंय." (शुअरनं 2018 मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं. डब्यांवर नानांचा तेव्हापासून देव्हाऱ्याइतका जीव.) "विचारलं तर म्हणतात, आणखी दोन कंपन्यांची आणून तुलना केल्याशिवाय लावणार नाही."

म्हणजे निळी पिन लालपेक्षा जिथे सरस, नेमकं तेच नानांना ऐकू येत नव्हतं. आणि हा माणूस दर रविवारी एकेकाला बोलावून, खुर्चीत खिळवून विचारत होता.

पुढच्या रविवारी मी नीट ऐकलं. चार शब्द बाजूला ठेवले. निळीवर जवारी बारीक उलगडते, म्हणालो. डेनॉनवर तंबोरा मागे सरतो, पण गळा पुढे येतो, जणू किशोरीताई हातभर जवळ येऊन बसल्या. नाना वहीत लिहीत होते. कधी नव्हे ते मधे बोलले नाहीत.

"आणि श्वास? स्वर लावायच्या आधीचा?"

"निळीवर येतो. लालवर पुसट."

"बरं." त्यांनी तेही लिहिलं, पेन क्षणभर तसंच धरून ठेवलं. "आणि शेवटी? द्रुतात?"

"ताना स्वच्छ आहेत नाना. डावीकडे मात्र जरा चरचरतं."

"डावीकडेच? नक्की?" नाना ताडकन उठले. "म्हणजे अँटीस्केटिंग जास्त झालंय! तरी मी म्हणतच होतो. बस तसाच, हलू नकोस. अगं, याचं पान वाढ, हा आता दुपारपर्यंत काही जात नाही."