लाइफबोटीत मांडी चालत नाही

लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून नवऱ्याने मुंबई-गोवा क्रूझचं काढलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर दोन माणसं होती. माझ्या डोळ्यांसमोर सहा. तो, मी, आठ वर्षांची थोरली, चार वर्षांचे जुळे, आणि सासूबाई.

"बाल्कनीवाली एक मोठी खोली घेऊ. सकाळी चहा पीत समुद्र बघत बसू," तो म्हणाला. कोण बसणार होतं ते त्याने सांगितलं नाही. जुळे झाल्यापासून आम्ही दोघं एका वेळी बसलेलो नाही.

एजंटबाईंना फोन लावला. त्यांनी खोल्यांचे प्रकार सांगितले. सगळ्यात स्वस्त ती आतली, म्हणजे चारी बाजूंनी भिंती. मग खिडकीची, मग बाल्कनीची आणि शेवटी स्वीट, जिचा भाव ऐकून नवऱ्याने फोन स्पीकरवरून काढून कानाला लावला. म्हणजे आम्ही ऐकू नये.

मी विचारलं, "बाल्कनीला ग्रिल लावून मिळेल का?"

पलीकडे शांतता. डोंबिवलीत माणूस फ्लॅटचा ताबा घेतो आणि देवाची तसबीर लावायच्या आधी ग्रिलवाल्याला बोलावतो, हे बाईंना माहीत नसावं. कठडा मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत येतो, त्या म्हणाल्या. पण बाल्कनीत खुर्च्याही असतात ना? आमचे जुळे खुर्ची बघतात ती बसण्यासाठी नव्हे. तीन रात्री दोन शर्टांची टोकं धरून समुद्र बघायचा असेल तर तो गिरगाव चौपाटीवर फुकट आहे. बाल्कनी रद्द झाली. नवऱ्याचा चहा मनातल्या मनात थंड झाला.

मग एका खोलीत सहा जण कसे कोंबायचे, हा प्रश्न. हा माझ्या मते आपल्या लोकांचा हातखंडा विषय. लग्नघरात एका खोलीत चौदा जण झोपवलेली माणसं आपण. पण सगळ्यात मोठी साधी खोली चार जणांची. "अहो, सासूबाईंना वेगळी घेऊ, पण उरलेले आम्ही पाचच," मी म्हटलं. "त्यातला एक चार वर्षांचा. मांडीवर घेऊ."

"मॅडम, लाइफबोटीत मांडी चालत नाही."

त्या बाईंनी मग जे समजावलं ते मी आजवर कुठल्या माहितीपत्रकात वाचलं नव्हतं. खोलीत पलंग किती मावतात हा एक हिशेब, आणि त्या भागातल्या माणसांना लाइफबोटीत किती जागा आहेत हा दुसरा. दुसरा हिशेब भरला की खोलीत कितीही जागा असो, पाचवं माणूस घेत नाहीत, मग ते तान्हं का असेना. टायटॅनिकवर 1912 साली दोन हजारांहून जास्त माणसं होती आणि बोटींमध्ये जागा 1178. त्यानंतर 1914 मध्ये समुद्री सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि डोकी मोजायला सुरुवात झाली. आपल्या एसटीत पाच वर्षांच्या आतलं पोर मोजतच नाहीत, पाच ते बाराला अर्धं तिकीट. समुद्रात अर्धं माणूस नसतं.

सासूबाई शेजारी भाजी निवडत होत्या. लाइफबोट हा शब्द ऐकून त्यांचा हात थांबला. त्या मूळच्या मालवणच्या, आणि त्यांच्या माहेरी रामदास म्हटलं की समर्थांच्या आधी बोट आठवते. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. सासूबाई तेव्हा जन्मल्याही नव्हत्या, पण त्या घरात बोटीच्या प्रवासाआधी ते नाव काढायचं नाही हा नियम त्यांच्यापर्यंत पोचला होता. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "मोजतत तां बरां करतत." आणि पुन्हा मेथीकडे वळल्या.

तर दोन खोल्या. आता आतून दार असलेल्या दोन खोल्या मिळाल्या की प्रश्न सुटला, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटलं. अशा जोडखोल्या जहाजावर मोजक्याच असतात आणि आमच्यापेक्षा हुशार आईबापांनी त्या कधीच पटकावल्या होत्या. उरल्या त्या नुसत्या शेजारशेजारच्या. शेजारची खोली म्हणजे मध्ये एक भिंत. पोराचं रडू पलीकडे ऐकू येणार, पण जाता येणार बाहेरच्या दारानेच, रात्री अडीच वाजता, गाऊनवर.

इथे नवऱ्याने डेकचे नकाशे छापून आणले आणि जेवणाच्या टेबलावर पसरले. पाहता पाहता आमच्या लक्षात आलं की ही विद्या आपल्याला येते. वर गच्ची नको, कारण तिथे पोहण्याचा तलाव आणि सकाळी सहाला खुर्च्या ओढण्याचे आवाज. खाली पार्टी हॉल नको, कारण तिथे डीजे. लिफ्ट जवळ हवी, पण लिफ्टला लागून नको. थोडक्यात, वरही खोल्या आणि खालीही खोल्या असा मधला मजला. शिवाय जहाज पुढून मागे सीसॉसारखं हलतं, म्हणून टोकाची खोली म्हणजे एसटीची शेवटची सीट. मधली आणि खालच्या मजल्यावरची खोली सगळ्यात कमी हलते. नवरा हे सगळं कोण्या वास्तुतज्ज्ञाच्या थाटात सांगत होता. बोट त्यालाच लागते, म्हणून त्याचा अभ्यास खोल होता. (आपल्या भाषेत बोट किनाऱ्याला लागते आणि माणसालाही लागते. दुसरीचा अनुभव त्याला एलिफंटाला जाताना येऊन गेला आहे.)

सासूबाई नकाशा बघून म्हणाल्या, "माका खिडकी कित्याक व्हयी?" लहानपणी त्या मालवणहून मुंबईला बोटीने येत. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड ही बंदरं त्या अजून पाढ्यासारखी म्हणतात. मालवणला बोट खोल पाण्यात उभी राहायची, माणसं पडावातून तिच्यापर्यंत जायची. मग त्यांची आई डेकवर सतरंजी टाकून जागा धरायची, आणि त्या सतरंजीच्या चार कोपऱ्यांवर चार पोरं बसवायची, म्हणजे ती उडू नये. खोलीची निवड संपली. आम्ही तीन आठवडे करत होतो ते काम त्यांच्या आईने दोन मिनिटांत केलं होतं, तेही एका हातात कोंबडी धरून.

शेवटी समोरासमोरच्या दोन खोल्या ठरल्या. एक खिडकीची, मधल्या वाटेपलीकडची आतली. खिडकीची अनपेक्षित स्वस्तात मिळाली. बुकिंगच्या कागदावर बारीक अक्षरांत 'दृश्यात अडथळा' असं लिहिलं होतं. नवरा म्हणाला, खांब-बिंब असेल.

आता झोपायचं कोणी कुठे? चौघांच्या खोलीत खाली दोन पलंग आणि छतातून उघडणारे वरचे दोन. वरच्या पलंगावर सहा वर्षांखालचं मूल चालत नाही. जुळे चारचे. म्हणजे खाली जुळे, वर मी. प्रत्येक खोलीत एक तरी मोठं माणूस हवं, आणि सासूबाईंना रात्री तिघांना आवरणं जमणार नाही, म्हणून पलीकडे खाली सासूबाई, खाली नवरा आणि वर थोरली, जिला वरचा पलंग मिळाला नाही तर ती येणारच नव्हती. अशा रीतीने लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला नवरा त्याच्या आईशेजारी झोपला आणि मी शिडी चढून छताला नाक लावून पडले.

बॅलार्ड पिअरवरून निघालो. खोलीत शिरलो आणि खिडकीचा पडदा सारला. बाहेर समुद्र नव्हता. बाहेर एक अख्खी लाइफबोट होती, भगव्याच्या जवळपास जाणारी, नंबर घातलेली, काचेपासून वीतभर अंतरावर वाटावी अशी. नवऱ्याचा चेहरा पडला. जुळ्यांनी मात्र अशी काही किंकाळी फोडली की समोरच्या दारातून सासूबाई धावत आल्या. समुद्र जुळ्यांनी जुहूला पाहिलेला आहे. तो नुसता असतो. बोटीला मात्र दोर होते, कप्प्या होत्या, दार होतं, आणि आत कोण बसणार याची वाटणी करायची होती. ती तीन दिवस चालली. आजी आत, बाबा आत, थोरली बाहेर, मग भांडण, मग थोरली आत.

बाकीची निवड आम्ही करू शकतच नव्हतो. न्हाणीघराचा उंबरा इतका उंच की पहिल्या रात्री सहापैकी चौघांच्या अंगठ्याला लागलं. टब नाही, नुसता शॉवर आणि अंगाला चिकटणारा पडदा, त्यामुळे जुळ्यांना आंघोळ घालताना माझीही होत असे. संडासचं पाणी एवढ्या जोरात हवेने ओढलं जाई की धाकटा म्हणाला, हे मला पण नेईल. तो दिवसभर थांबून राहिला. खोलीवाल्या पोऱ्याने टॉवेलचा हत्ती करून ठेवला, तर त्याला उलगडायचं नाही म्हणून सगळे ओल्या अंगाने फिरले.

पलीकडच्या आतल्या खोलीत दिवा घालवला की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. थोरली सकाळी दहापर्यंत झोपली, घरी कधीच झोपत नाही. सासूबाईंना वेळ कळेना. मग टीव्हीवर एक चॅनल सापडलं, ज्यावर जहाजाच्या नाकावरच्या कॅमेऱ्यातून पुढचा समुद्र दिसतो. ते त्यांनी आवाज बंद करून रात्रभर लावून ठेवलं. पहाटे तो पडदा काळ्याचा करडा झाला, मग निळा. नवऱ्याने मान वर करून बघितलं, चहा मागवला आणि आईबरोबर टीव्हीवर समुद्र बघत प्यायला. बोट त्याला लागली नाही. मधली, खालची खोली. अभ्यास वाया गेला नाही.

मुरगावला उतरताना मी सासूबाईंना विचारलं, खोली कशी वाटली? त्या म्हणाल्या, "खोली बरी. पण जागा धरूक मेळाक नाय."

तुमच्याकडे जुळे असतील, तर 'दृश्यात अडथळा' लिहिलेली खिडकी मागून घ्या. ती स्वस्तही पडते.