अ‍ॅप घ्या, अ‍ॅप!

लाइट बिल भरायला वेबसाइट उघडावी, तर निम्म्या स्क्रीनवर पट्टी : ‘अ‍ॅपमध्ये अनुभव अधिक चांगला!’ बिल भरण्यात अनुभव कसला घ्यायचा? पैसे जायचे तेवढेच जातात. पट्टी बंद करायची फुली इतकी बारीक, की बोट हमखास ‘इन्स्टॉल’वरच पडतं. मग अ‍ॅपला कॉन्टॅक्ट हवेत, लोकेशन हवं, फोटो हवेत. मुलगी बघायला आलेली मंडळीसुद्धा पहिल्या भेटीत एवढ्या चौकशा करत नाहीत.

मुंबईच्या लोकलला २०१५ मध्ये अ‍ॅपवर पेपरलेस तिकीट आलं, तेव्हा ते स्टेशनाच्या आवारात काढता येत नसे. हेतू रास्तच; टीसी दिसल्यावर तिकीट काढणाऱ्या हुशारांना चाप. पण रांग टाळायला निघालेला सज्जन फोन उंच धरून उलट्या पावली रिक्षास्टँडपर्यंत मागे सरकायचा. तिकीट यायचं, फास्ट गेलेली असायची. (खिडकीवरचा बाबू सुट्ट्या पैशांवरून खेकसायचा खरा, पण ‘आधी रस्त्यावर जाऊन या’ असं कधी म्हणाला नाही.) पुढे तिकिटासाठी स्टेशनातच क्यूआर कोड लागले. मग एकजण भिंतीपुढे फोन धरून उभा राहायचा आणि मागचा विचारायचा, “ओ काका, रांग इथूनच का?”